उतावळा माल आणि सोशिक ग्राहक

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी लग्नघरातील घाईगर्दी पाहून रचली असावी. परंतु आजच्या बाजारपेठेचे वर्णन करावयास तिच्याइतके समर्पक वचन सहसा सापडणार नाही. वस्तू पुरती सिद्ध होण्यापूर्वीच तिची जाहिरात, जाहिरातीपाठोपाठ आगाऊ पैसे, आणि पैसे भरून घरी आणलेली वस्तू सदोष निघाली की ‘लवकरच सुधारणा होईल’ असे आश्वासन, हा क्रम आता इतका परिचयाचा झाला आहे की त्यात काही वावगे आहे, हेही आपल्या ध्यानात येईनासे झाले आहे. प्रस्तुत लेखात या क्रमाचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे. त्यासाठी मुख्यतः दोन उदाहरणे घेतली आहेत. एक आपल्या नातवंडांच्या जगातले, व्हिडिओ गेमचे. दुसरे आपल्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलेले, पुण्यात घडलेले, टाटांच्या इंडिका मोटारीचे. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: अपुरा माल बाजारात आला, तर तो पुरा कोण करवून घेतो?

प्रथम व्हिडिओ गेमकडे वळू. हा विषय आपल्या बहुतेक वाचकांना दूरचा वाटेल. तथापि भोपाळातील आपल्या अनेक मराठी घरांत आता दिवाणखान्यातील दूरदर्शन संचाला जोडलेले एक चपटे यंत्र दिसते. त्याला ‘कन्सोल’ म्हणतात. त्यावर खेळावयाचा एखादा नवा, गाजलेला खेळ घ्यावयाचा तर आज चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम क्षुल्लक नव्हे. वाढदिवसाची भेट, आजी-आजोबांनी दिलेले खाऊचे पैसे आणि परीक्षेतील गुणांचे बक्षीस एकत्र करून मुले तो खेळ घेतात, आणि पुष्कळदा तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याचे पैसे भरून ठेवतात.

पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ नावाच्या खेळाची घोषणा २०१२ साली केली. पुढे आठ वर्षे त्याची चर्चा होत राहिली. २०२० च्या एप्रिलमध्ये तो येणार होता. तो सप्टेंबरवर गेला, सप्टेंबरचा नोव्हेंबर झाला आणि अखेर १० डिसेंबर २०२० रोजी तो प्रसिद्ध झाला. तोवर जगभरातून सुमारे ८० लाख प्रतींचे पैसे आगाऊ जमा झाले होते. प्रत्यक्षात, शक्तिशाली संगणकावर तो बऱ्यापैकी चालला. परंतु त्या वेळी सर्वाधिक घरांत असलेल्या जुन्या कन्सोलवर त्याची दुर्दशा झाली. चित्रे धूसर, पात्रे हवेत लटकलेली, आणि खेळ मध्येच बंद पडणारा. प्रसिद्धीपूर्वी समीक्षकांच्या हाती केवळ संगणकावरील प्रत देण्यात आली होती. कन्सोलवरील प्रत त्यांना दाखविलीच नव्हती. म्हणजे जी बाजू लंगडी, तीच झाकून ठेवलेली. ग्राहकांचा संताप इतका उसळला की चार दिवसांत कंपनीने जाहीर माफी मागितली, आणि त्याच महिन्यात सोनी कंपनीने आपल्या दुकानातून तो खेळ काढून टाकून पूर्ण पैसे परत करण्याची तयारी दाखविली. एवढ्या मोठ्या खेळाच्या वाट्याला असा प्रसंग क्वचितच आला असेल. जून २०२१ मध्ये तो दुकानात परतला. पुढे वारंवार दुरुस्त्या होत होत २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याचे पुष्कळसे नवे रूप आले आणि लोकांनी त्याची वाखाणणी केली. परंतु तोवर पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यांची पावणेतीन वर्षे उलटून गेली होती.

या दुरुस्तीला त्या व्यवसायात ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. आपण ग्रंथप्रेमी मंडळी त्याला शुद्धिपत्र म्हणू. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे, आणि वाचक पेन्सिल घेऊन ‘पृष्ठ ४२, ओळ ७’ अशी दुरुस्ती आपल्या हाताने करीत असे. फरक एवढाच की शुद्धिपत्र जोडणाऱ्या प्रकाशकाला छपाई संपल्यावर चूक आढळलेली असे आणि तिची त्याला लाज वाटत असे. आताच्या खेळांत पुष्कळदा चूक आधीच माहीत असते, आणि शुद्धिपत्र नंतर पाठविता येईल या भरवशावर पुस्तक विक्रीस काढलेले असते. इंटरनेटमुळे विकलेला माल विकल्यानंतरही घरबसल्या दुरुस्त करता येऊ लागला, ही सोय खरोखर मोठी आहे. मात्र जी सोय अपवादासाठी होती, ती घाईची ढाल बनली.

अशी ढाल ज्या काळी उपलब्ध नव्हती, त्या काळी काय घडले, हेही पाहण्यासारखे आहे. १९८२ साली अमेरिकेत अटारी या कंपनीचा व्हिडिओ गेमच्या बाजारात दबदबा होता. त्या वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट तुफान चालला. त्यावर आधारित खेळ नाताळच्या विक्रीसाठी हवा म्हणून अटारीने जुलैअखेर मोठी रक्कम देऊन हक्क घेतले आणि तो रचण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तंत्रज्ञाला जेमतेम पाच आठवडे दिले. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. ठरल्या वेळी खेळ आला. त्यातील नायक वारंवार खड्ड्यात पडे आणि बाहेर निघता निघत नसे. त्या काळी खेळ प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, कायमचा कोरलेला असे. त्यात नंतर काडीचाही बदल करणे शक्य नव्हते. लाखो डब्या परत आल्या. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अटारीने न विकला गेलेला आणि परत आलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो या गावी ट्रकने नेऊन जमिनीत पुरला. कित्येक वर्षे लोक ही दंतकथा मानीत. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथे खोदकाम झाले आणि डब्या खरोखरच सापडल्या.

एका खेळाने सारा धंदा बुडाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या दोन-तीन वर्षांत शेकडो निकृष्ट खेळ बाजारात ओतले गेले होते. चांगला कोणता नि वाईट कोणता, हे दुकानात ओळखण्याचा उपाय ग्राहकापाशी नव्हता. त्याने मग एकच केले: खरेदी थांबविली. १९८३ ते १९८५ या काळात अमेरिकेतील हा व्यापार जवळजवळ कोसळला. १९८५ पासून जपानच्या निन्टेंडो कंपनीने तेथे नव्याने पाय रोवले, ते आपल्या तपासणीची मोहर असलेले खेळच आपल्या यंत्रावर चालतील अशी यंत्रातच व्यवस्था करून. त्यात कंपनीचा स्वार्थही होताच. पण दुकानात उभ्या राहिलेल्या आईबापांना त्या मोहरेचा आधार वाटला, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील ग्राहक खरेदी थांबवू शकला, कारण खेळ ही चैनीची वस्तू होती. गरजेची वस्तू असेल आणि ती विकणारा एखादाच असेल, तर ग्राहकाने काय करावे? याचे उत्तर आपल्या देशाने अनेक दशके अनुभवले आहे. परवान्यांच्या राज्यात कारखान्याने किती माल काढावयाचा, हे सरकार ठरवीत असे. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे, कधीकधी दहा-दहा वर्षे, वाट पाहावी लागे. मुलगी दहावीत असताना नोंदविलेली स्कूटर तिच्या लग्नात जावयाला द्यावयाची, असा हिशोब मराठी घरांतून होत असे आणि त्यात कोणाला विनोद वाटत नसे. स्कूटर सकाळी सुरू होईना की तिला एका बाजूस कलती करून धरावयाचे आणि मग किक मारावयाची, हे तर स्कूटरवाल्याच्या अंगवळणीच पडलेले होते. इतकी वर्षे थांबून मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर करणे कृतघ्नपणाचे वाटे. शिवाय तक्रार करून काय साधणार? रांगेत मागे लाखभर माणसे उभी होतीच. टंचाई ग्राहकाला सोशिक करते, आणि त्या सोशिकपणाला आपण फार काळ सद्गुण मानीत आलो.

या सोशिकपणाला पहिला धक्का देण्याचे श्रेय पुण्याला द्यावे लागेल. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मुंबईच्या पंचायतीचे काम मोठे घरगुती होते: दहा-वीस कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा एकदम मागवावयाचा, तो स्वच्छ आणि वजनात पुरा आहे हे पाहावयाचे, आणि आपसांत वाटून घ्यावयाचे. या साध्या व्यवहारातून मध्यमवर्गीय गृहिणींना एक जाणीव झाली की आपण एकटे गेलो तर दुकानदार ऐकत नाही, शंभर जणी मिळून गेलो तर ऐकतो. अशा प्रयत्नांतून देशभर जे लोकमत तयार झाले, त्याची परिणती २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यात झाली. सदोष वस्तू बदलून मागण्याचा, पैसे परत मागण्याचा आणि नुकसानभरपाईचा हक्क त्याने दिला, आणि वकील न लावता तक्रार गुदरण्याची सोयही केली.

आता इंडिकाची कथा पाहू. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही कंपनी मालमोटारींसाठी प्रसिद्ध होती. रतन टाटा यांनी संपूर्ण भारतीय बनावटीची छोटी मोटार काढण्याचा संकल्प सोडला. मारुती झेनचा आकार, अँबेसेडरची ऐसपैस बैठक, मारुती ८०० च्या आसपास किंमत आणि डिझेलचा कमी खर्च, असे त्या मोटारीचे स्वप्न होते. ऑस्ट्रेलियातील निस्सान कंपनीचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, त्याचे भाग सुटे करून जहाजाने आणून पुण्यात उभारण्यात आले. आराखड्याला इटलीतील तुरीन येथील तज्ज्ञांचे साहाय्य झाले. सुमारे १,७०० कोटी रुपये त्यात गुंतले. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि ३० डिसेंबर १९९८ रोजी तिचे विक्रीसाठी अनावरण झाले. आठवडाभरातच सुमारे १,१५,००० लोकांनी नोंदणी केली, आणि तीही पूर्ण किंमत भरून.

या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या मोटारीत स्वतः कधी बसलो नाही, जी रस्त्यावर फारशी धावलेली नाही, तिच्यासाठी लाखाहून अधिक भारतीय कुटुंबांनी अडीच ते चार लाखांच्या घरातील रक्कम आगाऊ मोजली. त्यांत निवृत्तीची पुंजी लावणारे होते, बँकेचे कर्ज काढणारे होते. त्यांचा विश्वास यंत्रावर नव्हता, कारण यंत्र त्यांना ठाऊकच नव्हते. तो टाटा या नावावर होता, आणि ‘आपली’ मोटार या भावनेवर होता.

मोटारी घरी आल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. इंजिनाचा आवाज फार, गाडीला थरथर फार. सांगितलेली ताकद नाही, सांगितलेली सरासरी मिळत नाही. ज्या कारखान्याने आयुष्यभर मालमोटारी केल्या, त्याची पहिली छोटी मोटार आतल्या अंगाने मालमोटारीसारखीच वागते, अशी टीका जाणकारांनी केली. आणि या वेळी ग्राहक मुकाट्याने बसला नाही. त्याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. १९९८ सालीच सँट्रो आणि मॅटिझ या नव्या मोटारी बाजारात आल्या होत्या. मारुती तर होतीच. ज्याला पसंत पडले नाही, तो शेजारच्या दुकानात जाऊ शकत होता. स्कूटरच्या रांगेतील बापाने जे सोसले, ते मोटार घेणाऱ्या मुलाने सोसले नाही. एका पिढीत ग्राहकाचा स्वभाव बदलला, असे आपण म्हणतो. खरे तर त्याची परिस्थिती बदलली होती.

कंपनीची अवस्था बिकट झाली. याच सुमारास मालमोटारींच्या बाजारातही मंदी आली, आणि २००० - ०१ या वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. भारतीय खासगी उद्योगात तोपर्यंत एवढा तोटा ऐकिवात नव्हता. तो केवळ इंडिकामुळे झाला असे म्हणता येणार नाही. पण भागधारकांचा रोष तिच्यावरच निघाला. १९९९ साली हा मोटारींचा विभाग फोर्ड कंपनीला विकण्याची बोलणी करण्यासाठी रतन टाटा आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत गेले असता, येत नसलेल्या धंद्यात पडलातच कशाला, असे त्यांना ऐकून घ्यावे लागले, ही हकीकत टाटा समूहातील अधिकारी प्रवीण काडले यांनी २०१५ साली मुंबईतील एका समारंभात सांगितली. विक्री झाली नाही. मंडळी परतली आणि कामाला लागली.

ते काम काय होते? ग्राहकांनी जे जे नावडले म्हणून सांगितले होते, त्यावरून मोटारीची अंतर्गत रचना नव्याने करणे. आधी विकलेल्या गाड्यांचे दोष निवारणे आणि नवी आवृत्ती सिद्ध करणे, अशी दुहेरी धावपळ चालली. २००१ साली ‘इंडिका व्ही-टू’ या नावाने दुसरी आवृत्ती आली. बाहेरून ती बहुतांशी पहिलीसारखीच दिसे. बदल आत होता. ती चांगली खपली. पुढे पुण्यापासून भोपाळपर्यंत रेल्वे स्थानकाबाहेरील टॅक्सीच्या रांगेत तीच उभी दिसू लागली, आणि दिवसाचा हिशोब रुपया-आण्याने मांडणाऱ्या टॅक्सीवाल्याने तिला पसंत केले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? २०१८ साली तिचे उत्पादन थांबले, तेव्हा ती जवळजवळ वीस वर्षे चालली होती.

इंडिकाच्या यशाचे गोडवे गाणारे लेखन पुष्कळ झाले आहे. त्यात संकल्प सोडणाऱ्या उद्योगपतीचे नाव असते, अभियंत्यांचा उल्लेख असतो, आणि ते उचितच आहे. परंतु पहिल्या आवृत्तीचे जे हजारो खरेदीदार होते, त्यांचा उल्लेख बहुधा नसतो. वास्तविक त्या मोटारीची रस्त्यावरील खरी परीक्षा त्यांनी घेतली, आणि तीही स्वतःच्या खर्चाने. कार्यशाळेत पुनःपुन्हा गाडी नेणारा, सरासरीचा हिशोब वहीत मांडणारा, कंपनीला पत्र लिहिणारा तो खरेदीदार हा त्या कारखान्याचा बिनपगारी तपासनीसच होता. दुसऱ्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत त्याला जागा मिळावयास हवी होती.

तपासनीस हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. भोपाळच्या पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींतून वाढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. हेवी इलेक्ट्रिकल्सचा हा कारखाना १९५६ साली ब्रिटिश सहकार्याने सुरू झाला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याच्या नोकरीनिमित्त कितीतरी मराठी अभियंते आणि कारागीर येथे आले आणि येथलेच झाले. विद्युत् मंडळासाठी बनविलेला ट्रान्सफॉर्मर अशा कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या ठरावीक चाचण्या होतात: गुंडाळ्यांचा रोध मोजावयाचा, विद्युत्‌दाबाचे गुणोत्तर पडताळावयाचे, निरोधन अधिक दाब सोसते की नाही हे पाहावयाचे. ग्राहकाचा प्रतिनिधी पुष्कळदा तेथे स्वतः उभा राहून त्या पाहतो आणि मगच सही करतो. कोट्यवधींचे यंत्र घेणारा ग्राहक ‘आधी पाठवा, मग सुधारा’ असे कधीच मान्य करणार नाही.

एक मोटार किंवा एक खेळ घेणाऱ्या माणसाला मात्र कारखान्यात तपासनीस पाठविता येत नाही. त्याच्या वतीने तपासणी करणारे तिघेच असू शकतात: माल करणाऱ्याची सचोटी, शेजारचा प्रतिस्पर्धी दुकानदार आणि कायदा. पहिल्याची खात्री नाही. दुसरा असला तर इंडिकाप्रमाणे सुधारणा वेगाने होते. परंतु एखादा विशिष्ट खेळ एकच कंपनी बनविते. नातवाला तोच हवा असतो, त्याला दुसरा चालत नाही. शिवाय इंडिका सुधारण्यासाठी कारखान्यात साचे बदलावे लागत, सुटे भाग पाठवावे लागत, आणि प्रत्येक चुकीची झळ कंपनीच्या तिजोरीला लागे. खेळाची दुरुस्ती दूर अंतरावरून होते आणि तिचा भार तुलनेने हलका असतो. म्हणून उतावळेपणाची किंमत विकणाऱ्यापेक्षा घेणाराच अधिक मोजतो. अशा ठिकाणी तिसऱ्या रक्षकाची, म्हणजे कायद्याची, गरज अधिक भासते.

कायदा काय करू शकतो, याचे एक बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. सोनीच्या कन्सोलसाठी घेतलेले खेळ सदोष निघाले म्हणून काही ग्राहकांनी पैसे परत मागितले. खेळ एकदा यंत्रात उतरवून घेतला किंवा खरेदीला चौदा दिवस उलटले की परतावा देण्यास आम्ही बांधील नाही, असे त्यांना सांगण्यात आले. प्रकरण तेथील ग्राहक आयोगाने न्यायालयात नेले आणि जून २०२० मध्ये न्यायालयाने कंपनीला ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड ठोठावला. त्या खटल्यात ज्यांचे अनुभव पुढे आले, असे ग्राहक होते अवघे चार. या चौघांनी ‘जाऊ द्या, एका खेळाचे पैसे ते काय’ असे म्हणून विषय सोडला असता, तर हा निकाल घडलाच नसता.

आपल्याकडेही कायदा पुढे सरकला आहे. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात येऊ लागला. इंटरनेटवरून होणाऱ्या व्यापाराच्या त्यातील व्याख्येत अंकीय स्वरूपाच्या वस्तूही स्पष्टपणे घेतल्या आहेत. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आणि आपल्यासारख्या, मुंबई-दिल्लीपासून दूर राहणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त तरतूद अशी की, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. पूर्वी कंपनीचे कार्यालय किंवा शाखा कोठे आहे, व्यवहार कोठे झाला, हे पाहावे लागे. आता भोपाळच्या माणसाला भोपाळातच दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकही घरातील दूरध्वनीजवळ लिहून ठेवण्यासारखा आहे.

येथे एक भेद मात्र स्पष्ट करावयास हवा. सदोष खेळाने एक संध्याकाळ आणि काही हजार रुपये वाया जातात; सदोष यंत्राने जीव जाऊ शकतो. २००९ साली बाजारात आलेल्या टाटांच्याच नॅनो मोटारीच्या काही गाड्यांना २०१० मध्ये आगी लागल्या, तेव्हा कंपनीने विकलेल्या गाड्यांत अधिक सुरक्षेचे भाग विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखविली. पण लोकांच्या मनात बसलेली भीती पुरती गेली नाही. त्या काळी सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती करणारी स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यात नव्हती. ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आली आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. यंत्राची निगा आणि सुरक्षेची तपासणी यांत केलेल्या हयगयीचे मोल किती भयंकर असू शकते, हे १९८४ च्या डिसेंबरनंतर भोपाळकराला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून खेळातील चूक आणि जीवघेणी चूक यांना एका पारड्यात घालू नये. पण ‘आत्ता चालवून घ्या, पुढे पाहू’ ही वृत्ती लहान वस्तूंत एकदा मुरली की मोठ्या वस्तूंच्या दारापर्यंत तिला अटकाव राहत नाही, एवढे ध्यानात ठेवणे बरे.

मग आपण काय करावे? आपल्या पिढीची सवय सोसण्याची. भांडे गळके निघाले तर कल्हईवाल्याकडे नेऊ, बोहारणीला देऊ, पण दुकानदाराच्या तोंडी लागणार नाही, अशी ती भिडस्त सवय. नव्या पिढीची सवय दुसऱ्या टोकाची: दोन दिवस संतापावयाचे आणि पुढच्या खेळाचे पैसे पुन्हा आगाऊच भरावयाचे. दोन्हींत विकणाऱ्याचे फावते. आगाऊ पैसे हाती पडले की माल पुरा करण्याची निकड तेवढीच कमी होते, हे इंडिकाच्या १,१५,००० नोंदण्यांनी आणि ‘सायबरपंक’च्या ८० लाख प्रतींनी दाखविले आहे. नातवाने नव्या खेळासाठी हट्ट धरला, तर ‘महिनाभर थांब, इतरांचा अनुभव पाहू’ असे सांगणारी आजी ही आजच्या बाजारातील सर्वांत शहाणी ग्राहक ठरेल. आणि वस्तू सदोष निघालीच, तर पावती जपून ठेवावी, दोष कोणता आणि कधी दिसला ते तारखेनिशी लिहावे, आणि पैसे परत मागणारे पत्र नातवाकडूनच लिहवून घ्यावे. मराठीत लिहिले तर उत्तम. त्याला त्या निमित्ताने चार वाक्ये शुद्ध लिहिण्याचा सराव होईल. इंडिकाच्या पहिल्या खरेदीदारांनी जे केले ते याहून फार वेगळे नव्हते, आणि टॅक्सीच्या रांगेत वर्षानुवर्षे भरवशाने उभी राहणारी मोटार त्यातूनच घडली.